ॲपनं नाव सांगितलं, म्हणून रानभाजी खाऊ का?

पुण्यातली नोकरी सोडून मुरबाड तालुक्यात दोन एकर जमीन घेतलेल्या एका जोडप्याचा प्रश्न आहे. पावसाळ्यात बांधावर, माळावर इतकं काही उगवतं. मोबाइलच्या ॲपवर फोटो टाकला की नाव कळतं. तेवढ्यावर भाजी करून खायला हरकत आहे का? आणि जवळच्या वाडीतल्या लोकांकडून रानभाज्यांची, औषधी वनस्पतींची माहिती घेऊन पुस्तिका काढायची आहे, तर सुरुवात कुठून करावी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: नाही. दुसऱ्याचं लांब आहे, आणि ते वाचलंत की पहिलं ‘नाही’ का, तेही कळेल.

मी वनस्पतीशास्त्र शिकलो आणि कर्जत, मुरबाड, माळशेजच्या पट्ट्यातल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळ्यांच्या वाड्यांवर सत्तावीस पावसाळे काढले. त्यातली पहिली नऊ-दहा वर्षं मी चुकीच्या माणसांशी बोलत होतो. वाडीत गेलं की पुरुष पुढे येतात, खाट टाकतात, चहा सांगतात. भगत असतो, एखादा झाडपाल्याचा जाणता असतो. त्यांच्याबरोबर रान हिंडायचं, झाड दाखवलं की वहीत एक ओळ लिहायची: ‘टाकळा, पानं, भाजी, त्वचाविकार.’ अशा काही शे ओळी जमल्या. मला वाटायचं काम झालं.

मग एका आषाढात भगताची वाट बघत त्याच्या घरी बसलो होतो. पाऊस उभा कोसळत होता, जाणार कुठे? चुलीपुढे त्याची बायको भाजी निवडत होती. सहज विचारलं, ‘मावशी, ही टाकता का?’ टोपलीतला निम्मा ढीग तिनं बाजूला सारला होता. ‘ही जून झाली,’ म्हणाली. ‘ही सावलीतली हाय, पाणचट लागंल. आन् ह्यो तर पालाच दुसरा, पोरीनं चुकून आणलाय.’ मला तिन्ही पानं सारखीच दिसत होती. पदवी माझ्याकडे होती, आणि भाजी निवडायला मी त्या घरातल्या दहा वर्षांच्या पोरीच्याही मागे होतो. त्या दिवसापासून वही घेऊन मी चुलीजवळ बसायला लागलो आणि जुनी वही जवळजवळ सगळी पुन्हा लिहिली.

रानभाजीचं ज्ञान म्हणजे झाडाचं नाव नव्हे. कोणत्या पंधरवड्यात, झाडाचा कोणता भाग, कुठल्या जागेवरचा, किती कोवळा, आणि चुलीवर त्याचं काय केल्यावर तो खाण्याजोगा होतो, हे सगळं मिळून एक वस्तू असते. त्यातलं नुसतं नाव उचललंत तर हाताला टरफल लागतं.

शेवळाचंच बघा. तुमच्या मुरबाडचीच वस्तू आहे. मे संपत आला, रोहिणी लागल्या, वळवाचे एक-दोन शिडकावे झाले की उघड्या जमिनीतून जांभळट-तपकिरी बोंडं डोकं वर काढतात. हा रानसुरणाच्या जातीतल्या झाडाचा फुलोरा. पान त्या वेळी नसतंच, ते नंतर पावसात येतं. म्हणजे खायचं तेव्हा पान नाही, आणि पान दिसतं तेव्हा खाण्याचे दिवस सरलेले. कर्जत, नेरळ, बदलापूरच्या स्टेशनाबाहेर बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात आणि शेजारी हिरवी, आवळ्याएवढी लहान आंबट फळं असतात, ती काकडं. काकड हे वेगळंच झाड, शेवळाशी त्याचं काही नातं नाही. पण दोघं बाजारात जोडीनं येतात, कारण काकडाशिवाय शेवळ शिजवायचं नसतं.

मावशी शेवळ कसं साफ करते ते एकदा बसून बघा. हाताला आधी तेल चोळते. वरचं जून आवरण सोलते. आतला दांडा हातात धरून त्याच्या खालच्या अंगाला जे बारीक पिवळे दाणे असतात ते विळीच्या पात्यानं खरवडून टाकते. तिथंच सगळी खाज. उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतते, घाई करत नाही. दुसऱ्या चुलीवर काकडं उकडलेली असतात, ती कुस्करून, बिया काढून त्यांचं आंबट पाणी वर ओतते आणि मग रटारटा शिजू देते. अळूत असतात तशाच कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया शेवळात असतात. जिभेला, घशाला टोचतात त्या या. पिवळं काढणं, तेलात परतणं, आंबट घालणं, वेळ देणं यातली एकही पायरी हौसेची नाही. कायस्थ प्रभूंच्या घरी याच शेवळांची कणी होते, कुठं कोलंबी नाहीतर सोडे पडतात, मसाले बदलतात. पण पिवळं काढणं आणि आंबट घालणं कुणी सोडत नाही.

मी सोडलं होतं. एका वर्षी जुडी घरी आणली, काकडं संपलेली, म्हटलं आंबटच हवं ना, अर्धं लिंबू पिळलं आणि दहा मिनिटांत भाजी उतरवली. पहिल्या घासाला काही नाही. तिसऱ्या घासाला घशात कुणीतरी बारीक काटे पेरल्यासारखं झालं आणि ते संध्याकाळपर्यंत गेलं नाही. पुढच्या खेपेला मावशीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. तिच्या सुनेलाही सांगितलं. अजून सांगते.

आता ॲपकडे येतो. मी ॲपच्या विरोधात नाही, माझ्याही फोनमध्ये आहे. पण ॲपला चांगलं ओळखता येतं ते फुलावरचं झाड. लोक फोटो फुलांचे काढतात आणि यंत्र त्यावरच शिकतं. आपण खातो ते फुलाच्या कितीतरी आधीचं: जूनमधला चार बोटं उंचीचा कोंब, दुसरं-तिसरं पान. फुलावर आलेला टाकळा कुणी खात नाही, तोवर तो उग्र होतो. म्हणजे नेमक्या खायच्या वयात झाड ॲपला नीट दिसत नाही, आणि ॲपला खात्री पटते तेव्हा भाजी संपलेली असते.

टाकळ्याच्या शेजारीच कासविंदा उगवतो. काही ठिकाणी त्याला रानटाकळाही म्हणतात, मग तर घोळ पक्काच. टाकळ्याच्या पानाला पानोळ्यांच्या, म्हणजे आतल्या छोट्या पानांच्या, साधारण तीन जोड्या, टोकाकडे गोलसर, शेवटची जोडी सगळ्यात मोठी. कासविंद्याला चार-सहा जोड्या, टोकं अणकुचीदार, आणि चुरगळलं की उग्र वास. टाकळ्याची शेंग लांब, बारीक, कोयत्यासारखी वाकडी, कासविंद्याची चपटी. या कासविंद्यानं किती मोठा घात केला ते सांगतो. पश्चिम उत्तर प्रदेशात थंडीच्या तोंडावर दर वर्षी लहान मुलं अचानक आजारी पडून दगावायची. मेंदूज्वर समजून उपचार व्हायचे. २००७ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी माग काढून दाखवलं की ही मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खात होती, आणि त्यानं यकृत, स्नायू आणि मेंदू एकदम कोलमडत होते. मुलांना कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. आपल्याकडे हीच गत चंद्रज्योतीची, म्हणजे मोगली एरंडाची होते. कुंपणाला लावलेल्या मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून शाळेतली मुलं खातात आणि मग अख्खा वर्ग उलट्या करत दवाखान्यात. तुमच्या जमिनीला ते कुंपण असेल तर वाडीतल्या मुलांना आधी ते दाखवा. रानभाजी नंतर.

कळलावीचंही तसंच. तिचे कोंब मृगाच्या पावसात इतर कंदवर्गीय भाज्यांबरोबरच वर येतात. नंतर पानाचं टोक तंतूसारखं वळतं आणि ज्वाळेसारखं फूल येतं, तेव्हा आंधळाही ओळखेल. कोवळी असताना मात्र घात होतो, आणि कंदाचा तर जास्तच. कंद नांगराच्या आकाराचा असतो, म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. त्यातलं कोल्चिसीन हे विष शिजवून जात नाही. काकड, चिंच, राख काही उपयोगाचं नाही.

म्हणून माझी पद्धत सांगतो, हळू आहे पण चुकत नाही. पहिल्या वर्षी पाचच भाज्या घ्या. वाडीतल्या जाणत्या बाईबरोबर त्या खुडायला जा, तिच्याच हातची खा. प्रत्येक जातीची दोन-तीन रोपं न खुडता ठेवा आणि शेजारी बांबूची काडी रोवून तिला रंगीत दोरा बांधा. दर पंधरा दिवसांनी जाऊन फोटो काढा: कोंब, पान, फूल, शेंग, वाळलेलं खोड. ॲप वापरायचं असेल तर फुलाच्या वेळी वापरा, तेव्हा ते कामाचं आहे. दिवाळीपर्यंत त्या पाच झाडांचं सगळं आयुष्य तुमच्याकडे असेल. पुढच्या मृगात त्याच जागी कोंब आला की तुम्ही त्याला ओळखीच्या माणसासारखं ओळखाल. त्या वर्षी आणखी पाच. मला विचाराल तर पंचवीस भाज्या येणारा माणूस या कामात श्रीमंत असतो. वाडीतल्या बायका साठ-सत्तर सहज सांगतात, पण त्यांची सुरुवात तीन वर्षांच्या असताना झालेली असते.

नावांवर फार विसंबू नका. तोच टाकळा विदर्भात तरोटा, मालवणात आणि गोव्यात तायकिळा. कंटोली विदर्भात काटवल होते, गोव्यात फागलां. कुलू, कोली आणि फोडशी ही एकाच भाजीची नावं आहेत. उलटही होतं: अळू म्हणजे पानं आणि आळू म्हणजे रानातलं गोड फळ, कानाला दोन्ही सारखीच. कुडा म्हटलं तर पांढरा की काळा? पांढऱ्या कुड्याची फुलं आणि कोवळ्या शेंगा भाजीला घेतात, आणि त्याचीच साल आवेवर चालते, आयुर्वेदातलं कुटजारिष्ट त्याचंच. काळ्या कुड्याची साल बाजारात त्यात मिसळली जाते. शेंगा आल्या की फरक कळतो: दोघांच्याही जोडीनं लोंबतात, पण काळ्या कुड्याच्या कोवळेपणी टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. शंका उरली तर फुलासकट फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात दाखवा. मी अजूनही करतो. त्यात कमीपणा नाही.

कडू, खाजरं आणि विषारी यांत फरक आहे, आणि तो चुलीवर कळतो. भारंगीचा पाला उकळून पाणी टाकून द्यायचं, मग परतायचा, तरी थोडा कडसर लागतो आणि तेवढा लागावाच. विदर्भात गोंदिया-गडचिरोलीकडे बांबूच्या कोंबांना वास्ते म्हणतात. कोवळ्या कोंबात सायनाइड सुटणारी द्रव्यं असतात, म्हणून बारीक चिरून रात्रभर भिजवायचे, पाणी बदलायचं, उकळायचं. कडू करांद्याच्या कंदाचं तर आणखी खटाटोपाचं: चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडायच्या, मग टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात ठेवायच्या. एका कातकरी आजीनं मला हे दाखवलं तेव्हा मी किती वेळ, किती राख असं विचारत राहिलो. ती दर थोड्या वेळानं एक चकती जिभेच्या टोकाला लावून थुंकत होती. तेच तिचं मोजमाप. हे वहीत लिहिता येत नाही, आणि म्हणून सांगतो: कडू करांदा समोर बसून शिकल्याशिवाय करू नका. यकृताला बाधणारी द्रव्यं त्यात आहेत.

करांद्याची एक बाजू शहरातल्या रानभाजी-प्रेमात नेहमी गळून पडते. हे भुकेचं अन्न होतं. आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपलं की कंद उकरायचे. मी सुरुवातीला जायचो तेव्हा बायका कंदाची टोपली पाहुण्यापासून लपवायच्या, ‘आम्ही नाय खात आता’ म्हणायच्या. काथ करणारे म्हणून कातकरी नाव पडलेल्या, आज सरकारी यादीत विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडणाऱ्या या लोकांना त्यांच्या खाण्यावरून किती ऐकून घ्यावं लागलंय ते त्यांना विचारा. आता दर ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास जिल्ह्याजिल्ह्यात रानभाजी महोत्सव होतात, त्याच बायका स्टॉलवर पाककृती सांगतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. फक्त एका टेबलावर चाळीस ताटल्या मांडल्या की कुठली कुठल्या नक्षत्रातली ते पुसलं जातं.

आपल्या पांढरपेशा घरांतही याचा एक धागा शिल्लक आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून ऋषीची भाजी. नांगर न लागलेल्या जमिनीवर उगवलेलं खाण्याचा वर्षातून एक दिवस. माझी आजी त्या दिवशी परसात हिंडून भाज्या गोळा करायची. आता बाजारात ‘ऋषीची भाजी’ म्हणून तयार पाकीट मिळतं, त्यात मका असतो.

बांधावरच्या भाज्यांची गोष्ट वेगळी. घोळ, केना, तांदुळजा, पाथरी, चाकवत ही रानाची नव्हे, शेताची झाडं. निंदणीला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत घेऊन यायची. तणनाशक आलं आणि निंदणीबरोबर ती भाजीही गेली. तुमच्या दोन एकरांत फवारत नसाल तर तीन-चार पावसाळ्यांत बरंच परत येईल. शेजारच्या बांधावरून मात्र विचारल्याशिवाय खुडू नका, कधी काय मारलंय सांगता येत नाही. हमरस्त्याच्या कडेची आणि नाल्यातली तर नकोच. घरात मूतखड्याचा त्रास असेल तर घोळ, चिवळ, माठ, आंबुशी बेतानं, आणि उकळून पाणी टाकून. यांत ऑक्झलेट भरपूर असतं.

अळंब्यांबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलतो, किड्यांनी खाल्लेली चालते, ही सगळी परीक्षा बिनकामाची आहे. मी वारुळावर येणारी, दांडा खोल जमिनीत वाळवीच्या घरापर्यंत गेलेली, एवढीच खातो, आणि तीही वाडीतल्या माणसानं काढलेली. सत्तावीस वर्षांनंतरही.

आता औषध. इथं तुमच्या पुस्तिकेची मला जास्त काळजी वाटते.

गावात औषध आणि भाजी यांच्यात भिंत नसते. पहिल्या पावसात पोट बिघडतं आणि त्याच सुमारास कुड्याची फुलं ताटात येतात. टाकळा भाजीतही आणि गजकर्णावर चोळायलाही, त्याचं आयुर्वेदातलं एक नावच दद्रुघ्न. अन्न म्हणून वर्षातून चार वेळा खाल्लेली गोष्ट आणि औषध म्हणून रोज अर्क काढून घेतलेली गोष्ट मात्र एक नव्हे. करोनाच्या काळात लोक गुळवेलीचा काढा महिनोन्‌महिने पीत होते. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी असा काढा घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं ते मानलं नाही. गुळवेलीऐवजी तिच्याच कुळातली दुसरी वेल वापरली गेली असेल, असं म्हटलं. वाद कुठल्याही बाजूनं घ्या, तुमच्या कामाचा धडा तोच: वेल कोणती, किती, किती दिवस.

सापसणी या वेलीची गोष्ट आणखी बोचरी आहे. नावातच साप. पिढ्यान्‌पिढ्या सर्पदंशावर दिली गेली. तिच्या कुळात ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं, ते मूत्रपिंड निकामी करतं आणि कर्करोगालाही कारण होतं. साप चावल्यावर बहुतेकदा दंश कोरडा किंवा बिनविषारी सापाचा असतो, माणूस वाचतो, श्रेय मुळीला जातं. काविळीच्या औषधाचंही असंच. विषाणूजन्य कावीळ पुष्कळदा आपोआप उतरते. पण गरोदर बाईला हेपॅटायटिस ई झाला आणि चार दिवस मुळी उगाळण्यात गेले तर दोन जीव जातात. हे पारंपरिक ज्ञानाचा अपमान करण्यासाठी लिहीत नाही. जाणता भगतसुद्धा आता घोणस चावलेल्याला गाडीत घालून पाठवतो, मी स्वतः त्याच्याबरोबर गेलोय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून माणसं वाचवली, तेव्हा विंचवाच्या मुळ्या देणारेच पुढे रुग्ण घेऊन दवाखान्यात जायला लागले. जिवंत ज्ञान बदलतं. छापलेली पुस्तिका बदलत नाही. म्हणून पुस्तिकेत साप, विंचू, कावीळ, गर्भपात, पिसाळलेला कुत्रा यांवरची औषधं छापू नका. लोकांनी सांगितली तर वाडीच्या नोंदीत लिहा, बाहेर नाही.

नोंद करायची कशी? आधी ग्रामसभेत किंवा वाडीच्या बैठकीत सांगा की तुम्हाला काय हवंय, कशासाठी, आणि त्यातून पैसे आले तर कुणाचे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही करायला हवी. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या नोंदवहीची कल्पना देशभर उचलून धरली. पुष्कळ गावांत ही वही कुणीतरी तालुक्याला बसून एका आठवड्यात भरलेली असते. तुमच्या गावची मागवून बघा. पोकळ असेल तर ती भरणं हेच तुमचं काम, वेगळी पुस्तिका हवीच कशाला?

लिहिण्याला दोन धारा आहेत. १९९५ मध्ये हळदीनं जखम भरते या ‘शोधा’ला अमेरिकेत पेटंट मिळालं आणि रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं लढून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. जिंकलो, कारण दाखवायला जुने छापील पुरावे होते. आजीच्या राखेच्या पाण्याचा ग्रंथात पुरावा नाही. म्हणजे लिहायला हवं. दुसरीकडे, जैविक विविधता कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनं ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभ वाटून देण्याच्या बंधनातून सूट दिली आहे. आणि घाटमाथ्यावरच्या नरक्या या झाडाचं काय झालं ते या भागातल्या कुणालाही विचारा: त्यात कर्करोगावरच्या औषधाला लागणारं कॅम्प्टोथेसिन आहे हे बाहेर कळलं आणि झाडं बुंध्यापासून तोडून, चिपाडं करून ट्रक भरले. तोडणाऱ्याच्या हातात मजुरी पडली, बाकी वर गेलं. तेव्हा कंद आणि साल ज्यांची घेतात त्या झाडांच्या जागा लिहू नका. पाना-फुलांच्या भाज्यांना एवढी भीती नाही. सांगणाऱ्या बाईचं नाव घालायचं की नाही हे तिलाच विचारा. माझ्या वहीतल्या निम्म्या जणींना हवं होतं, आणि मी दहा वर्षं फक्त त्यांच्या नवऱ्यांची नावं लिहीत होतो.

प्रत्येक भाजीला एक पान द्या. त्यात नाव शेवटी येऊ दे. आधी नक्षत्र, जागा, वय, खुडायची पद्धत, काय टाकायचं, काय घालायचं, कुणाला द्यायची नाही. कुलूसारखी भाजी जमिनीलगत कापायची, खालचा कंद ठेवायचा, हे वाडीत सांगावं लागत नाही, तुम्हाला लागेल. बायका सगळं कधीच खुडत नाहीत असं मात्र लिहू नका, ते खरं नाही. बाजारभाव चढला की त्याही सगळं खुडतात, आणि पुढच्या वर्षी लांब जावं लागलं म्हणून त्याच कुरकुरतात.

रोहिणी लागल्या की एका सकाळी बाजारात जा. शेवळं घेऊन बसलेली बाई दिसली की दोन जुड्या घ्या, भाव करू नका. काकडं मागायची गरज नाही. तुम्ही नवखे दिसलात की ती स्वतःच मूठभर टाकेल आणि विचारेल, ‘साफ करता येतंय का?’ तेव्हा हो म्हणू नका. तिच्याशेजारी खाली बसा आणि एक शेवळ तिच्याच हातून साफ करून घ्या. पिवळं कुठवर खरवडायचं ते नीट बघून ठेवा.